साडेदहाची नजर

चार वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता, पण उजवा हात आणि उजवा पाय अधू झाले. मी तेव्हा भूजला एका संस्थेत पाणलोट आणि चराई यांच्या कामावर होते. दादा टोरंटोला. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. आईला तिथून हलवणं अवघड होतं आणि तिला हलायचंही नव्हतं. मी नोकरी सोडून परत आले. या निर्णयात त्याग वगैरे काही नव्हता. कुणीतरी यायला हवं होतं आणि मी सहा-सात तासांच्या अंतरावर होते, इतकंच.

पहिले काही महिने साठवलेल्या पैशांवर निघाले. मग काम शोधू लागले. अट एकच होती: घरी बसून करता यावं, पण पर्यावरणाचंच असावं. पंधरा वर्षं ज्या विषयात घालवली तो सोडून द्यायचा नव्हता. असं काम भरपूर असेल असं वाटलं होतं, कारण हवामानबदलाचं नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. काम होतं, पण ते कसलं हे हळूहळू कळत गेलं. २०२२-२३ पासून सेबीने शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यामुळे असे अहवाल लिहिणारे हवे होते. कारखान्याच्या वीजबिलावरून आणि डिझेलच्या पावत्यांवरून उत्सर्जनाचा हिशेब मांडणारे हवे होते. 'रिमोट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या कित्येक जाहिरातींत खाली बारीक अक्षरांत असायचं की अर्जदार अमुक देशाचा रहिवासी असावा, किंवा अमेरिकेच्या वेळेनुसार काम करावं लागेल. आईला रात्री दोनदा उठवावं लागतं. त्यामुळे ते जमणार नव्हतं.

त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. ज्यांना मी आजवर हवामानाचं काम करणारी माणसं समजत होते, त्यांतल्या एकाचंही काम घरून होण्यासारखं नव्हतं. बांध घालणारा, वणवा विझवायला धावणारा वनमजूर, रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत टिपणारी बाई, विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी सांगणारा पोरगा. घरी येऊ शकतं ते काम मोजण्याचं, तपासण्याचं आणि लिहिण्याचं. म्हणजे या क्षेत्रात कामाची एक नवी वाटणी झाली आहे: काही जण जमिनीवर असतात आणि काही जण जमिनीबद्दल ठरवतात. पूर्वीही असे दोन गट होतेच, पण दुसऱ्या गटातल्यांना निदान अधूनमधून जीपमध्ये बसून जावं लागायचं. आता तेही लागत नाही. आणि मला नेमकं तेच, न जाण्याचं काम, हवं होतं.

शेवटी काम मिळालं. हुद्द्याचं नाव दूरसंवेदन विश्लेषक. काम दुरून करायचं आणि विषयही दुरून बघण्याचा, याची तेव्हा गंमत वाटली होती.

काम असं आहे. एखाद्या मोठ्या जागेवर झाडं लावायची, ती वाढताना हवेतला कार्बन शोषून घेतील, आणि शोषलेल्या दर एक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक क्रेडिट मिळेल. ते क्रेडिट विकायचं. विकत घेणारा आपल्या उत्सर्जनाच्या हिशेबात ते वजा दाखवतो. यासाठी आधी जागा योग्य आहे का ते बघावं लागतं. तिथे आधीच जंगल नको, शेती नको, वस्ती नको. थोडक्यात, तिथे झाडं लावल्याने कुणाचं काही हिरावलं जात नाही अशी ती हवी. हे तपासणं माझ्याकडे. पडद्यावर जागेचा तुकडा येतो, मी गेल्या काही वर्षांच्या उपग्रह प्रतिमा बघते आणि 'जमिनीचा सध्याचा वापर' या रकान्यात चारपैकी एक पर्याय निवडते: शेती, वस्ती, वन, पडीक. पैसे तुकड्यामागे मिळतात.

या प्रतिमा मुख्यतः सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या. पहिला २०१५ साली सोडला, दुसरा २०१७ साली. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. त्यांच्या चित्रातला सर्वांत लहान ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला एक गुंठा साधारण तेवढाच. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती खूश झाली. तिच्या माहेरच्या जमिनीची वाटणी गुंठ्यांनीच झाली होती. "म्हणजे वरून तलाठीच बसलाय की!" ती म्हणाली. मी हसले. एका गुंठ्यात काय काय मावतं हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

पहिल्या दीड वर्षात मी अकराशेच्या वर तुकडे तपासले. मग सातारा आणि सोलापूर यांच्या सीमेवरच्या कोरड्या पट्ट्यातला एक तुकडा आला. लांबट माळ, खुरटं गवत, कुठे कुठे खडक. दोन वर्षांच्या प्रतिमा पाहिल्या. नांगरट नाही, विहीर नाही, घर नाही, झाडंही नाहीत. बहुतेक महिने रंग पिवळट. मी 'पडीक' निवडलं आणि पुढच्या तुकड्याकडे वळले. तेवढ्यात प्रतिमेच्या कोपऱ्यातल्या वेळेवर नजर गेली. ती वेळ मी रोज बघत होते. हा उपग्रह सूर्याच्या तालावर फिरतो आणि कुठल्याही जागेवरून तिथल्या सौरवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. रोजच साडेदहा. आणि मला बन्नी आठवलं.

बन्नी हा कच्छच्या रणाला लागून असलेला गवताळ प्रदेश, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा. तिथले मालधारी म्हशी पाळतात. बन्नीची म्हैस ही आता स्वतंत्र जात मानली जाते. तिची खासियत अशी की ती रात्री चरते. दिवसा ऊन भाजून काढतं, म्हणून संध्याकाळी म्हशी आपापल्या निघतात, रात्रभर रानात चरतात आणि पहाटे धारेच्या वेळेला आपणहून परत येतात. मी भूजला नवी असताना चराईच्या सर्वेक्षणासाठी तिथे गेले होते. सकाळी अकराला पोचलो, दुपारभर फिरलो. गवतात एकही जनावर नाही. मी वहीत लिहिलं, 'चराईचा ताण कमी.' ज्यांच्या अंगणात बसून मी हे लिहीत होते ते म्हातारे चाचा वहीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, काय लिहिलंस? मी सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, रात्री ये. मग दाखवतो."

त्या रात्री मी थांबले. अंधारात म्हशी दिसत नव्हत्याच. ऐकू येत होत्या. गवत तुटल्याचा आवाज, घंटा, मधूनच फुरफुरणं. वहीतलं वाक्य मी खोडलं. ही गोष्ट पुढे कित्येक नव्या मुलामुलींना मी धडा म्हणून सांगितली. आणि बडोद्यात खुर्चीवर बसून दीड वर्ष मी साडेदहाच्या प्रतिमांवरून 'वापर नाही' असं लिहीत होते.

बन्नीची दुसरी गोष्टही आठवली. १९६० च्या दशकात रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने तिथे मोठ्या प्रमाणावर वेडी बाभूळ लावली. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे तेच, वेडा. हेतू वाईट नव्हता. मोकळी जागा दिसत होती आणि झाडं हवी होती. बाभूळ पसरली, गवत मागे हटलं, गाईंना तिच्या शेंगा सोसेनात. आज तिथली काही कुटुंबं त्याच बाभळीचा कोळसा पाडून पोट भरतात, त्यामुळे ती उपटून टाका म्हणणंही सोपं राहिलेलं नाही. उपग्रहाच्या चित्रात मात्र ही बाभूळ छान दिसते. हिरवं पान सूर्याच्या प्रकाशातला डोळ्यांना न दिसणारा एक भाग परत फेकतं, आणि त्यावरून आम्ही हिरवेपणाचा आकडा काढतो. एप्रिल-मे महिन्यांत गवत वाळून जातं आणि त्याचा आकडा खाली येतो. बाभूळ बाराही महिने हिरवी, तिचा आकडा टिकून राहतो. गवताने आपला कार्बन मुळांत आणि मातीत साठवलेला असतो, तो या आकड्यात येत नाही. त्या तराजूत बाभूळ गवताला हरवते.

मग मी मुळापासून विचार करू लागले: दुरून काम करणं हेच चूक आहे का?

१९१६ साली मद्रासमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या परिषदेत बोलताना गांधींनी स्वदेशीची जी व्याख्या केली, तिचा गाभा असा की माणसाने आपल्या अगदी जवळच्या परिसराची सेवा करावी, दूरच्याची आधी करू नये. जवळच्याला आपण ओळखतो, आपली चूक झाली तर तो आपल्याला धरू शकतो. याच्या अगदी उलट टोकाला पीटर सिंगर. बांगलादेश युद्धाच्या वेळच्या निर्वासितांचे हाल समोर ठेवून लिहिलेल्या आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तो म्हणतो की मदतीची गरज असलेला माणूस शेजारी आहे की हजारो मैलांवर, याने आपल्या कर्तव्यात फरक पडत नाही. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळेच अडचण होते. हवामानाच्या बाबतीत सिंगर नाकारता येत नाही. टोरंटोत जाळलेल्या इंधनाचा परिणाम माणदेशातल्या पावसावर होऊ शकतो, तर तिथल्या माणसाने 'ते दूर आहे' म्हणणं हा पळपुटेपणा. पण सिंगरच्या निबंधात एक गोष्ट गृहीत आहे: समोरच्याला काय हवं आहे हे आपल्याला ठाऊक आहे. उपाशी माणसाला अन्न हवं, यात शंका नाही. माळाला झाडं हवीत का, यात शंका आहे. कर्तव्य अंतराने कमी होत नसेल, पण ज्ञान होतं.

यावरून 'प्रत्यक्ष जा' असा सोपा निष्कर्ष काढता आला असता. पण मी प्रत्यक्ष गेलेच होते की! बन्नीत उभी राहून, डोळ्यांनी बघून मी चुकीचं लिहिलं होतं. मैदानी कामाची पंधरा वर्षं आठवली तर अशा भेटी कितीतरी. जीप दुपारी पोचते, सरपंचाकडे चहा होतो, चार पुरुष बोलतात, अंधार पडायच्या आत परतायचं असतं. उपग्रह साडेदहाला येतो, आम्ही बाराला जायचो. फरक दीड तासाचा. उलट दुरून बघण्याने जे साधलं आहे तेही कमी नाही. ब्राझीलची अवकाश संस्था १९८८ पासून दर वर्षी उपग्रहावरून अ‍ॅमेझॉनमधल्या जंगलतोडीचं क्षेत्र मोजते. तिथे जमिनीवरून पोचणं अशक्य असतं किंवा जिवावर बेततं. २००८ साली लँडसॅटच्या जुन्या-नव्या प्रतिमा जगाला फुकट खुल्या झाल्या, तेव्हा सरकारी आकड्यांवर प्रश्न विचारण्याचं बळ साध्या माणसांच्या हाती आलं. तेव्हा डोळा किती उंचावर आहे यावर सगळं ठरत नाही.

मग कशावर ठरतं? हे मला घरातच कळलं.

मी परत आल्यानंतर काही महिन्यांनी दादाने आईच्या खोलीत कॅमेरा बसवला. मी भाजी आणायला गेले आणि ती पडली तर त्याला तिकडे फोनवर दिसावं म्हणून. त्याची काळजी खरी आहे. रात्री जागून तो बघतो हे मला माहीत आहे. पण एकदा त्याने मला फोन करून सांगितलं, "आई हल्ली दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. उदास वाटते. डॉक्टरांशी बोल." मी आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, त्या कॅमेऱ्यातल्या लाल दिव्याने झोप लागत नाही. म्हणून कूस बदलते." नंतर जरा वेळाने म्हणाली, "तो बघतो गं. पण विचारत नाही."

दादाने चूक पाहिलं नव्हतं. ती खरोखर भिंतीकडे तोंड करून पडत होती. जे दिसलं त्याचा अर्थ त्याने स्वतःच लावला आणि तो जिच्याबद्दल होता तिला वगळून तिसऱ्याला कळवला. मी माळाच्या बाबतीत तेच केलं होतं. बन्नीतही तेच केलं होतं, पण तिथे चाचा शेजारी बसले होते आणि 'काय लिहिलंस' असं विचारू शकत होते. जवळ असण्याचा खरा फायदा हा आहे. त्याने नजर सुधारतेच असं नाही, पण समोरचा आपल्याला टोकू शकतो. घरून काम करताना मी नेमकी ती सोय गमावली होती. माझ्या चुकीची झळ ज्याला लागणार, त्याला माझं नावही कळणार नव्हतं.

मराठीत आपण जबाबदारी म्हणतो. शब्द फारसीतून आला, आणि त्यात 'जबाब' आहे. संस्कृतातून घेतलेल्या 'उत्तरदायित्व' या शब्दातही 'उत्तर' आहे. ज्याला जाब विचारता येतो तो जबाबदार. या अर्थाने पाहिलं तर माझ्या कामात अचूकपणा होता, मेहनत होती, हेतूही बरा होता, पण जबाबदारी नव्हती, कारण जाब विचारणारं कुणी नव्हतं. आणि ती मी होऊनच स्वीकारल्याशिवाय येणारही नव्हती. कामाच्या रचनेत तिला जागाच ठेवलेली नव्हती. त्या चार पर्यायांत 'चराई' हा शब्दच नाही. गायरान, माळ, कुरण, वरकस, आपल्या भाषेत न नांगरलेल्या जमिनीला किती नावं आहेत! ती सगळी माझ्या हातून 'पडीक' या एका शब्दात जात होती.

मी वरिष्ठांना फोन केला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पुण्याचा, मनाने सरळ मुलगा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तुमचं बरोबर असेल," तो म्हणाला, "पण फॉर्ममध्ये पाचवा पर्याय नाहीये. आणि प्रत्येक तुकड्यावर माणूस पाठवणं परवडत नाही." मी म्हटलं, माणूस नको, मला फोन करू दे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "करा. पण त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो."

त्या तुकड्याजवळच्या गावातला एक नंबर दोन दिवसांच्या खटपटीनंतर मिळाला. फोन उचलणारे शेतकरी होते. मी माळाची खूण सांगितली, तिथे कुणाचं काही असतं का विचारलं.

"तुम्ही कुठनं बोलताय?"

"बडोद्याहून."

"आणि हितलं कशाला इचारताय?"

मी जमेल तितकं खरं सांगितलं. झाडं लावण्याची योजना आहे, जागा रिकामी आहे असं लिहायचं की नाही हे मला ठरवायचंय. ते हसले. "रिकामी कसली ओ ताई? पावसाळाभर धनगरांची मेंढरं असत्यात की तिथं. दिवाळी झाली की कोकणात उतरत्यात. तवा रिकामी दिसंल."

पावसाळाभर. मी परत प्रतिमा उघडल्या. जून ते सप्टेंबर या महिन्यांत दोन्ही वर्षी पांढरे ढगच ढग होते. या प्रकारच्या प्रतिमांना ढगांपलीकडचं दिसत नाही. ते महिने वगळून बाकीचे बघायचे ही आमची नेहमीची पद्धत. म्हणजे माळ ज्या चार महिन्यांत भरलेला असतो, नेमके तेच आम्ही 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून बाजूला ठेवत होतो आणि उरलेल्या आठ महिन्यांवरून तो रिकामा ठरवत होतो.

मी 'पडीक' काढून टाकलं आणि शेऱ्यात फोनवरचं सगळं लिहिलं. तीन आठवड्यांनी तो तुकडा प्रत्यक्ष पाहणीच्या यादीत गेला. पुढे काय झालं हे मला कळवलं जात नाही. आधीच्या अकराशे तुकड्यांची यादी परत मागितली, तेव्हा ती कामं बंद झाली आहेत असं उत्तर आलं. त्यांतल्या किती माळांवर मेंढरं होती, किती ठिकाणी आता खड्डे खणले गेले असतील, हे मला कधीच कळणार नाही. आईच्या औषधांचा खर्च त्याच पैशांतून गेला आहे. हे दोन्ही एकत्र मनात ठेवावं लागतं, आणि ते हलकं व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही.

काम मी सोडलेलं नाही. सोडलं तर माझ्या जागी जो बसेल त्याने बन्नीची रात्र ऐकलेली असेलच असं नाही, हे मी स्वतःला सांगते. ते कारण खरं आहे आणि सोयीचंही आहे, हेही मला ठाऊक आहे. एक नियम तेवढा केला आहे: 'पडीक' लिहायच्या आधी त्या भागातल्या एका माणसाशी बोलायचं आणि आपलं नाव व नंबर त्याला द्यायचा. त्यामुळे दिवसाला होणारे तुकडे निम्म्यावर आले आणि पैसेही. दादाला मी हे सांगितलं, तेव्हा तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. आता तो रोज आमच्या सकाळी आठला आईला फोन करतो. कॅमेरा अजून आहे, पण लाल दिव्यावर तिने चिकटपट्टी लावून घेतली आहे.

मागच्या श्रावणात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. माणदेशातले तेच शेतकरी. "ताई, मेंढरं आल्यात," ते म्हणाले. "तुम्ही लिव्हलं का?"

मी म्हटलं, लिहिलंय.

"मग ठीक," म्हणाले, आणि फोन ठेवला.